बक्षीस लावलं आणि चित्रं मागे पडली

कोरे कागद आणि रंगीत स्केचपेन समोर असले, की लहान मुलाला ‘चित्र काढ’ म्हणून सांगावं लागत नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी अशीच, चित्रांत मुळातच रमणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंस तर सोनेरी तारा आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच प्रशस्तिपत्र चित्र झाल्यावर, ध्यानीमनी नसताना दिलं. उरलेल्यांना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी स्केचपेन पुन्हा वर्गात आले; या वेळी बक्षीस नव्हतं, ज्याला जे हवं ते खेळायचं होतं. बक्षीस ठरवून मिळालेली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांपाशी थांबली. अवचित मिळालेल्यांची आवड तशीच होती. हा प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला.

असं का व्हावं? ‘मी हे कशासाठी करतोय?’ याचं उत्तर मूल स्वतःच्या वागण्यातून शोधत असतं. आधी ते ‘मजा येते म्हणून’ असं होतं. बक्षीस लावलं, की ते ‘प्रशस्तिपत्रासाठी’ असं होऊन बसतं. मग प्रशस्तिपत्र गेलं की कारणही जातं. एडवर्ड डेसी आणि सहकाऱ्यांनी १९९९मध्ये असे १२८ प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा कबूल केलेल्या वस्तुरूप बक्षिसांचा हा परिणाम पुन्हा दिसला, आणि मोठ्यांपेक्षा मुलांवर तो जास्त होता. मुळातच कंटाळवाण्या कामात मात्र बक्षिसानं असं नुकसान होत नाही. आवड असेल तरच ती हिरावली जाणार ना!

डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या मते माणसाची आतली ओढ तीन गोष्टींवर टिकते: आपलं आपण ठरवता येणं, ‘मला हे जमतंय’ असं वाटणं आणि आपल्या माणसांत असल्याचा विश्वास. हे वाचताना मला कोसबाड आठवतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला खेड्यातल्या लहान मुलांसाठी काम सुरू केलं आणि १९५७मध्ये ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांमध्ये नेलं. मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही. पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरवली. दगड, पानं, बिया, शिंपले हेच शिकण्याचं साहित्य. गुरं राखणारी पोरं गुरं सोडून येऊ शकत नव्हती, म्हणून शाळाच कुरणात गेली. पोराच्या ओळखीच्या बियांनी मोजणी सुरू झाली, की पहिल्याच दिवशी त्याला काहीतरी येत असतं. बाईच आपल्या दारात आल्यावर परकेपणाही उरत नाही. मानसशास्त्रानं या तीन गरजांची मांडणी केली, त्याच्या कितीतरी आधीचं हे काम आहे, आणि माझ्या मते महाराष्ट्रानं शिक्षणाला दिलेल्या सर्वांत मोलाच्या गोष्टींपैकी एक.

आता नेहमीच्या शाळेतल्या वहीकडे येऊ. रूथ बटलर यांनी इस्रायलमध्ये पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला अभ्यास १९८८मध्ये छापून आला. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. नुसता शेरा मिळालेल्यांत हुशार आणि मागे पडणारी, दोघांचाही रस टिकला. गुण मिळाले तिथे हुशार मुलं टिकली, मागे पडणाऱ्यांचा रस ओसरला. गुणांसोबत शेरा जोडूनही फरक पडला नाही.

शिक्षण हक्क कायदा, २००९ यातही मूल भीती आणि ताणापासून मुक्त असावं, शिकणं बालकेंद्री असावं, असं लिहिलेलं आहे. त्यासाठी इमारत किंवा निधी येईपर्यंत थांबावं लागत नाही. ‘१० पैकी ४’ हा आकडा परीक्षेपुरता ठेवून रोजच्या वहीत ‘हातचा घ्यायला विसरलीस, बाकी मांडणी बरोबर, हे गणित परत करून बघ’ एवढं लिहिता येतं. चाळीस वह्यांत असं लिहायला वेळ लागतो, हे खरं. रोज पाचच वह्या घेतल्या तरी दीड आठवड्यात प्रत्येक मुलापर्यंत पोचता येतं.