जाड टायर, डबल शॉकअप आणि मुंबईची वाळू

रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हवर जाड टायरची सायकल दिसायच्या आधी ऐकू येते. चार इंच रुंद टायरवरचे रबराचे ठोकळे डांबरावर घुंऽऽ करत घासत असतात. तिच्या शेजारून साध्या सायकलवरचे एखादे काका गप्पा मारत पुढे निघून जातात आणि जाड टायरवाला मात्र धापा टाकत असतो. सायकल दणकट, पुढेमागे शॉकअप, किंमतही बऱ्यापैकी दणकट, आणि तरी ही गत. त्यात सायकलचा दोष नाही. मरीन ड्राइव्हला समुद्र आहे, पण वाळू गाठायची तर थेट गिरगाव चौपाटीपर्यंत जावं लागतं. आणि जाड टायर वाळूसाठीच आहे.

वाळूसाठी आणि बर्फासाठी, खरं तर. १९८०च्या दशकात अलास्कात भर हिवाळ्यात सायकल शर्यती होऊ लागल्या आणि नेहमीची चाकं भुसभुशीत बर्फात रुतू लागली. फेअरबँक्सच्या सायमन रॅकॉवर यांनी ४४ मिलिमीटर रुंदीची ‘स्नोकॅट’ रिम बनवली. तिकडे न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात रे मोलिना आणखी रुंद रिम आणि टायर तयार करत होते. २००५ मध्ये सर्ली कंपनीची ‘पग्सली’ ही जाड टायरची सायकल आली आणि हे घरगुती प्रयोग दुकानात पोचले. या पहिल्या सायकलींना शॉकअप नव्हते आणि कुणाला त्याची चुकचुकही लागली नाही. २०१४ मध्ये रॉकशॉक्स कंपनीचा ‘ब्लूटो’ हा जाड टायर मावेल असा शॉकअपवाला फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आला, त्याच वर्षी साल्सा कंपनीची पुढेमागे शॉकअप असलेली ‘बकसॉ’ आली. टायर आणि शॉकअप यांची ही जोडी तशी उशिरा जमलेली आहे, आणि अजूनही दोघांचं पूर्ण पटतं असं नाही.

आधी टायर. गणित सोपं आहे. टायर जमिनीला जितक्या जागेत टेकतो, त्या जागेला आतल्या हवेच्या दाबाने गुणलं की जवळजवळ त्यावर आलेलं वजन मिळतं. टायरच्या रबराआडच्या कापडाचा ताठरपणा थोडी गडबड करतो, तो सोडून देऊ. स्वार ७५ किलोचा, सायकल १७ किलोची, एकूण ९२. साध्या माउंटन बाइकच्या टायरमध्ये ३० पीएसआय हवा असते (हे पीएसआय पोलीस ठाण्यातले नव्हेत, दर चौरस इंचाला इतके पौंड असं दाबाचं माप). म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २.१ किलो. दोन्ही चाकं मिळून जमिनीला टेकतात साधारण ४४ चौरस सेंटीमीटर जागेत. जाड टायरमध्ये ८ पीएसआय हवा ठेवली, तर तीच जागा १६० चौरस सेंटीमीटरच्या पुढे जाते. वाळूवर दर चौरस सेंटीमीटरला येतं जेमतेम अर्धा किलो. अनवाणी चालताना माणूस एका पायावर येतो, तेव्हा तळव्याखाली साधारण तेवढाच भार असतो. जिथे तुमचं पाऊल फार रुतत नाही, तिथे हा टायरही रुतत नाही.

इथे लोकांचा एक गैरसमज हमखास होतो. वाळूवर तरंगवते ती टायरची रुंदी, असं वाटतं. तरंगवतो तो कमी दाब. रुंदीचं काम एवढंच, की दाब इतका कमी करूनही रिम जमिनीवर आपटू नये. चार इंची टायरात २५ पीएसआय हवा ठासून गोराईच्या किनाऱ्यावर जाणारा माणूस जाड टायरचं वजन वाहतो आणि फायदा घरी ठेवून येतो.

वाळू तरी एकाच जातीची कुठे असते? कोरड्या वाळूचे कण एकमेकांना फक्त घर्षणाने धरून असतात. चाक आलं की ते बाजूला सरकतात, चाकापुढे वाळूचा छोटा बांध तयार होतो आणि सायकल सपाट किनाऱ्यावरही सतत चढ चढत राहते. तीच वाळू जरा ओलसर असली की कणांमध्ये पाण्याचे सूक्ष्म पूल बनतात आणि पृष्ठताण कणांना एकमेकांकडे ओढतो. थोडंसं पाणी यासाठी पुरतं. पाणी पूर्ण भरलं, कणांमधली हवा निघून गेली, की हे पूल नाहीसे होतात आणि लाटेच्या अगदी काठाची वाळू पुन्हा भसकन खचते. म्हणून सायकल चालवायची ती मधल्या पट्ट्यात, नुकतं पाणी ओसरून गेलेल्या भागात. मुंबईच्या समुद्राला दिवसातून साधारण दोनदा ओहोटी लागते आणि तिची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. मढ-मार्वेकडून फेरीबोटीने मनोरीला सायकल न्यायची असेल तर भरती-ओहोटीचं कोष्टक बघून निघावं. भरतीला पोचलात तर वाट्याला फक्त वरची कोरडी, भुसभुशीत वाळू येते आणि आठ पीएसआयसुद्धा जास्त वाटू लागतात.

इतक्या कमी हवेवर टायर लिबलिबीत का होत नाही, यालाही कारण आहे. टायरच्या कापडावर येणारा ताण हा दाब आणि टायरच्या आडव्या छेदाची त्रिज्या यांच्या गुणाकाराएवढा असतो. ४.८ इंची टायरातले १० पीएसआय आणि २.४ इंची टायरातले २० पीएसआय कापडाला सारखेच ताणतात. याची उलटी बाजू आपल्या नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे दिसते. मोटरसायकलच्या सवयीने तो कॉम्प्रेसर लावतो, अंगठ्याने दाबून ‘टाइट झाली’ म्हणतो. जाड टायरात ३० पीएसआय भरले तर कापडावर निम्म्या रुंदीच्या टायरातल्या ६० पीएसआयएवढा ताण येतो, आणि टायर रिमवरून उडू शकतो. टायरच्या कडेला छापलेली मर्यादा वाचावी आणि कमी दाब नीट दाखवणारा छोटा मीटर जवळ ठेवावा. आठ पीएसआयमध्ये दोनचा फरक म्हणजे पंचवीस टक्क्यांचा फरक. तो अंगठ्याला कळत नाही.

आता खरी गंमत. कमी हवेचा जाड टायर ही एक स्प्रिंगच आहे. स्वार बसला की तो समजा अडीच सेंटीमीटर दबतो. वजनाने स्प्रिंग किती दबते यावरून ती सेकंदाला किती वेळा वरखाली होईल हे काढता येतं. अडीच सेंटीमीटरला उत्तर येतं तीनच्या किंचित वर. आणि पॅडल? मिनिटाला ८५ ते ९० फेरे मारणारा माणूस प्रत्येक फेऱ्यात दोनदा, एकेका पायाने, जोर लावतो. म्हणजे सेकंदाला जवळपास तीनदा. दोन आकडे जुळले की अनुनाद होतो, म्हणजे प्रत्येक जोराबरोबर उसळी वाढत जाते. डांबरावर जोरात पॅडल मारणारा जाड टायरवाला सीटवर टुणटुण उडत जाताना दिसतो, तो हौसेने उडत नसतो.

ही उडी थांबवायला काहीतरी ऊर्जा खाणारं लागतं. रबर थोडी ऊर्जा खातं, पण फार नाही. शॉकअपची खरी कामगिरी इथे आहे. चांगल्या शॉकअपमध्ये स्प्रिंगबरोबर (बहुधा हवेचीच स्प्रिंग) तेल असतं आणि ते बारीक छिद्रांतून ढकललं जातं. ऑफिसच्या दाराला आपटू नये म्हणून जो लोखंडी हात लावतात, त्याच्या पोटातही हेच चाललेलं असतं. धक्क्याची ऊर्जा तेलात उष्णता होऊन जाते आणि सायकल एकदाच वर येऊन शांत होते. स्प्रिंग धक्का पुढे ढकलते, तेल तो संपवतं.

मग जाड टायर अधिक शॉकअप म्हणजे सोन्याला सुगंध? तसं होत नाही. एकापाठोपाठ जोडलेल्या दोन स्प्रिंगांमधली मऊ असते ती जास्त दबते. टायरात सात-आठ पीएसआय असतील तर लहान खड्डे, मुळं, पेव्हर ब्लॉकच्या कडा हे सगळं टायरच गिळतो, शॉकअपला जागही येत नाही. टायरच्या उसळीला तेल नसतं, आणि ज्याच्यात तेल आहे त्याच्यापर्यंत काम पोचत नाही. शॉकअपला राबवायचं तर टायरात हवा वाढवावी लागते, १२-१४ पीएसआयपर्यंत. मग वाळूवर रुतायला होतं. म्हणजे या सायकलचा मालक वाळू आणि खडक यांच्या सीमेवर पंप घेऊन उभा असणार. पंपही दोन हवेत. मागच्या शॉकअपमध्ये स्वाराच्या वजनाप्रमाणे साधारण १०० ते २०० पीएसआय लागतात आणि त्याचा बारीक नळीचा पंप वेगळा असतो.

दुसरी अडचण वजनाची. दगडावरून जाताना चाक झटकन वर उचललं जावं आणि झटकन परत जमिनीला टेकावं, म्हणजे पकड सुटत नाही. चाक जड असेल तर ते सावकाश हलतं आणि धक्का वरच्या सांगाड्याला देतं. जाड टायर सव्वा-दीड किलोचा, ट्यूब जवळजवळ अर्ध्या किलोची, वर रुंद रिम. शिवाय चाकाच्या कडेचं वजन वेग घेताना दुप्पट भरतं, कारण ते पुढेही न्यायचं असतं आणि फिरवायचंही असतं. अंधेरीच्या सिग्नलांवर हे पोटऱ्यांना समजतं.

एवढं असूनही एका ठिकाणी ही जोडी शोभते. कर्जत-मुरबाडच्या बाजूला सह्याद्रीच्या पायथ्याशी काळ्या बसाल्टचे सुटे दगड, मध्येच ओढ्यातली वाळू, मध्येच हातभर उंचीची पायरी, अशा वाटा आहेत. तिथे उतारावर वेगात जाताना टायर बारीक खडखड खातो आणि पायरीवरून उतरताना शॉकअप मोठा धक्का खातो. टायर दहा-बारावर ठेवायचा, शॉकअप स्वार बसल्यावर एकूण हालचालीच्या पाव भागाएवढा खाली जाईल असा लावायचा. ती मजा दुसऱ्या कुठल्या सायकलवर येत नाही, हे कबूल.

पण मुंबईतल्या बहुतेकांचं चालवणं असं नसतं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरीची वाट डांबरी आहे, आणि जंगलातल्या पायवाटांवर परवानगीशिवाय शिरायचं नसतं. आरेचा रस्ताही रस्ताच. तिथे जाड टायर म्हणजे नुसता व्यायाम. माझं मत विचाराल तर किनाऱ्याची हौस असेल त्याने शॉकअप नसलेली, हलकी जाड टायरची सायकल घ्यावी. डोंगरवाटांची हौस असेल त्याने अडीच इंचांच्या आसपासच्या टायरची डबल शॉकअप घ्यावी. दोन्हींची खरोखर हौस आणि तेवढा खिसा असेल, तरच दोन्ही एकत्र.

पावसाळ्याबद्दल लोक सांगतात, की जाड टायर चिखलात भारी. खोल, मऊ चिखलात असेलही. आपल्याकडे वरवर बोटभर निसरडा थर आणि खाली घट्ट मुरूम असा चिखल जास्त. अरुंद टायर तो थर कापून मुरूम पकडतो, जाड टायर वरच तरंगतो आणि घसरतो. शेवाळलेल्या फरशीवर तर कुणाचंच काही चालत नाही.

दुकानात गेलात तर झगमगीत रंगाकडे न बघता सीटवर छाती टेकून पूर्ण वजनाने दाबा आणि झटकन सोडा. मागचा शॉकअप एका दमात वर येऊन थांबला तर आत तेल आहे. दोन-तीनदा उसळला तर आत नुसती स्प्रिंग आहे, आणि जाड टायरच्या एका उसळीवर दुसरी उसळी तुम्ही पैसे देऊन घेताय. स्वस्तातल्या ‘डबल शॉकअप’ सायकलींत हे फार आढळतं. मग पॅडल मारून बघा. जाड टायरला जागा करण्यासाठी पॅडलच्या दांड्याची नळी १०० मिलिमीटर रुंद करतात, साध्या माउंटन बाइकला ती बहुधा ७३ असते. पाय फाकतात, आणि ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांना ते दहा मिनिटांत कळतं. सोसायटीच्या लिफ्टमध्ये सायकल उभी मावते का, तेही मोजून जा.

आणि देखभाल. डबल शॉकअपच्या सांगाड्यात जागोजागी सांधे असतात, प्रत्येक सांध्यात बेअरिंग. समुद्रावरून आल्यावर त्यांच्यावर मीठ असतंच. बादली-मगाने गोड्या पाण्याने धुवा. गाड्या धुण्याचा जोरदार फवारा मारू नका, तो मीठ आणि वाळू सीलच्या, म्हणजे कडेच्या रबरी झाकणाच्या, आत ढकलतो. शॉकअपचे चकचकीत दांडे मऊ, स्वच्छ फडक्याने पुसल्याशिवाय सायकल दाबू नका. वाळूचा एक कण सीलखाली सापडला तरी दांड्यावर कायमची रेघ उमटते, आणि त्या रेघेतून तेल पाझरायला लागतं.