मधल्या पट्ट्यातला ट्रॅप आला कुठून?

भुसावळ-जळगावकडं आइस हॉकीचा विषय काढला की लोक आधी हसतात, मे मध्ये पारा ४५ च्या पुढं आणि हा बर्फावरच्या खेळाचं सांगून राहिला म्हणे. पण सकाळी चहासोबत मोबाईलवर एनएचएल (अमेरिका-कॅनडाची आइस हॉकी लीग) बघणारी पोरं आपल्याकडं पण आहेत आता (तिकडची संध्याकाळची मॅच आपल्याकडं सकाळी लागते), आणि त्यांची तक्रार ठरलेली, "भो, हे लोक पकवर तुटून का पडत नाही, मधातच काय उभे राहतात?" (पक म्हणजे या खेळातली रबरी चकती.) तर ते उभं राहणं आळस नाही, त्याच्यामागं जवळजवळ शंभर वर्षांची भानगड आहे आणि त्यात दोष खेळाडूंपेक्षा नियमांचा जास्त आहे, असं माझं मत.

आधी तो प्रकार नीट बघा. मैदानाचे दोन ब्लू लाइननी तीन पट्टे पडतात, त्यांना झोन म्हणतात, टोकाचे दोन दोन्ही टीमचे आणि मधला न्यूट्रल. समोरच्या टीमचा डिफेन्समन स्वतःच्या गोलमागं पक घेऊन उभा आहे. आक्रमक टीम असेल तर दोन फॉरवर्ड सरळ त्याच्या अंगावर जातात, याला फोरचेक म्हणतात. सावध टीम एकालाच पाठवते आणि तो पण सरळ जात नाही, वळसा घेऊन मधला रस्ता बंद करत येतो, म्हणजे पकवाल्याला कडेच्या भिंतीला धरूनच पुढं यावं लागतं. मागं दोन फॉरवर्ड सेंटरजवळ, त्यांच्या मागं दोन डिफेन्समन ब्लू लाइनवर, म्हणून याला १-२-२ म्हणतात. पकवाला भिंतीकडून आला की एका बाजूला भिंत, समोर एक, आतल्या बाजूला दुसरा, संपलं. पक हिसकला की पलटवार, कारण समोरचे निम्मे लोक तोवर पुढं धावत सुटलेले असतात. हा झाला न्यूट्रल झोन ट्रॅप.

बचाव करून जिंकायची अक्कल काही नव्वदच्या दशकात आलेली नाही. १९२० च्या दशकात ऑटावा सिनेटर्स एक गोल झाला की मागं येऊन दार लावून घ्यायचे. १९२८-२९ ला तर हद्दच झाली, मॉन्ट्रियलचा गोली (गोलकीपर) जॉर्ज हेन्सवर्थ याने ४४ मॅचमध्ये २२ शटआउट केले, म्हणजे अर्ध्या मॅचमध्ये एकही गोल खाल्ला नाही. बघणाऱ्याने काय बघावं मग? पुढच्याच सीझनला लीगने सगळ्या झोनमध्ये पुढं पास द्यायची मोकळीक दिली आणि गोल धडाधड वाढले. पण झोन ओलांडून पास अजूनही चालत नव्हता, त्यामुळं आक्रमक फोरचेकवाल्यांनी टीमला तिच्याच झोनमध्ये कोंडायला सुरुवात केली. त्यावर उपाय म्हणून १९४३-४४ ला मधोमध रेड लाइन आली (न्यूयॉर्क रेंजर्सच्या फ्रँक बाउचरला तिचं श्रेय देतात), म्हणजे आपल्या झोनमधून त्या लाइनपर्यंत पास देता येईल, खेळ पळेल. पळाला पण.

आता गंमत बघा, खेळ पळावा म्हणून आणलेली तीच लाइन पन्नास वर्षांनी ट्रॅपची भिंत झाली. कारण आपल्या ब्लू लाइनच्या आतून रेड लाइनच्या पलीकडं पास दिला की दोन लाइन ओलांडल्या म्हणून ऑफसाइड, शिट्टी. म्हणजे लांब पासची भीती नाही, ट्रॅप लावणाऱ्याला फक्त मधला तुकडा राखायचा.

ऐंशीच्या दशकात हे कुणाला सुचायचं कारण नव्हतं, ग्रेट्स्कीने १९८१-८२ ला ९२ गोल मारले, मॅचला सरासरी दोन्ही टीम मिळून आठ गोल व्हायचे. मग १९९१ ते ९३ मध्ये पाच नव्या टीम आल्या, सॅन होजे, ऑटावा (नाव जुनंच, टीम नवी), टँपा बे, फ्लोरिडा, अनाहाइम. स्टार खेळाडू आणायचे कुठून? ऑटावाने पहिल्या सीझनला ८४ पैकी ७० मॅच हरल्या. फ्लोरिडाचे कोच रॉजर नीलसन यांनी मात्र पहिल्याच वर्षी टीमला शिस्तीत मागं उभं केलं, ८३ पॉइंट मिळाले, आणि तिसऱ्या सीझनला, १९९६ ला, ती टीम फायनलला. गरिबाचं हत्यार होतं ते खरं म्हणजे.

पण बदनाम झाले जॅक लेमेअर. खेळाडू म्हणून मॉन्ट्रियलकडून आठ स्टॅनली कप (एनएचएलची ट्रॉफी) जिंकलेला माणूस, १९९३ ला न्यू जर्सी डेव्हिल्सचा कोच झाला. लॉकआउटमुळं (मालक-खेळाडूंच्या वादात मालकांनी लीग बंद ठेवली) ४८ मॅचवर आलेल्या १९९४-९५ च्या सीझनला फायनलमध्ये समोर डेट्रॉइट, लीगमधली सगळ्यात भारी टीम, कोच स्कॉटी बोमन, ज्यांच्या हाताखाली लेमेअर स्वतः खेळलेले. निकाल ४-०. डेट्रॉइटने कसाबसा पक आत फेकला तरी गोली मार्टिन ब्रोड्यूर स्वतः बाहेर येऊन तो परत पाठवायचा, तिसरा डिफेन्समनच म्हणा. लोक म्हणतात लेमेअरने हॉकी मारली. पण आदल्या सीझनला याच न्यू जर्सीने ३०६ गोल मारले होते, लीगमध्ये दोन नंबर, हे कुणी सांगत नाही. बोमनने रडत न बसता लेफ्ट विंग लॉक नावाचा प्रकार पक्का केला, त्यात डावा विंगर मागं येऊन डिफेन्समनच्या ओळीत उभा राहतो (मूळ चेकोस्लोव्हाकियाचं म्हणतात), आणि १९९७, ९८ असे लागोपाठ दोन कप उचलले.

मग सगळेच शहाणे झाले. त्यात धरपकड, काठी अडकवणं, रेफ्री बघून न बघितल्यासारखं करायचे. २००३-०४ ला मॅचमागं गोलांची सरासरी पाचच्या जरा वर राहिली. २००४-०५ चा अख्खा सीझन लॉकआउटमध्ये वाया गेला, त्यात ब्रेंडन शॅनहन या खेळाडूने टोरांटोत खेळाडू-कोच वगैरे बसवून खेळावर चर्चा घडवली. २००५ ला दोन लाइनच्या पासची बंदी उठली (जागतिक स्पर्धांत ती १९९८ लाच गेली होती), धरपकडीवर कडक पेनल्टी, आणि गोलीने गोलमागं पक कुठं हाताळायचा याला आखून दिलेली जागा, जिला लोक ब्रोड्यूरचा नियम म्हणतात. सरासरी लगेच सहाच्या वर गेली. कबड्डीत दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसरी करो या मरो केली ना, त्यातलाच प्रकार, टाइमपास करणाऱ्याला नियमानेच हलवायचं.

तरी ट्रॅप मेला नाही, जरा मागं सरकला. लांब पास चालू झाल्यावर मधात तिघांची आडवी ओळ लावून १-३-१ आला. ९ नोव्हेंबर २०११ ला कोच गी बुशेच्या टँपा बे ने तो फिलाडेल्फियासमोर लावला, तर फिलाडेल्फियाचा डिफेन्समन आपल्याच झोनमध्ये पक घेऊन उभाच राहिला. तुम्ही येत नाही ना, मग आम्ही पण येत नाही. टँपाचा एकमेव पुढचा माणूस पण जागचा हलेना, पब्लिक ओरडून राहिली, शेवटी रेफ्रीने शिट्टी मारून फेसऑफ (दोघांच्या मधात पक टाकून खेळ परत सुरू करणं) घेतला, आणि थोड्या वेळाने परत तेच. मॅच टँपाने ओव्हरटाइममध्ये २-१ ने काढली. जनरल मॅनेजर लोकांमध्ये यावर चर्चा पण झाली, पण पक घेऊन उभं राहू नये असा नियम काही आला नाही.