सचित्र अभ्यासटिपणे (क्लाउड सर्टिफिकेशन)

क्लाउड संगणनाच्या प्रमाणपत्र परीक्षांसाठी आकृत्या, तुलनातक्ते, निर्णयवृक्ष आणि खुणाचित्रे वापरून केलेली अभ्याससामग्री. विद्यार्थ्यांच्या तोंडी तिचे नाव ‘डायग्राम नोट्स’, ‘चीटशीट’ किंवा नुसते ‘व्हिज्युअल नोट्स’ असे असते. वहीच्या पानावर पेनने काढलेल्या चार चौकटींपासून शेकडो पानांच्या रंगीत पीडीएफपर्यंत सगळे या नावाखाली येते. या नोंदीतली उदाहरणे मुख्यतः ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसच्या (एडब्ल्यूएस) ‘सोल्युशन्स आर्किटेक्ट – असोसिएट’ या परीक्षेतली आहेत. मायक्रोसॉफ्ट अझ्युअर आणि गूगल क्लाउड यांच्या परीक्षांत सेवांची नावे बदलतात, पण चौकटी आणि बाण बरेचसे तेच राहतात.

एडब्ल्यूएसची एसथ्री ही साठवणसेवा मार्च २००६ मध्ये सुरू झाली आणि भाड्याने संगणक देणारी ईसीटू त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चाचणीसाठी खुली झाली. प्रमाणपत्र परीक्षा त्यानंतर सात वर्षांनी, २०१३ मध्ये आल्या. असोसिएट परीक्षेच्या एसएए-सी०३ या आवृत्तीत, जी ऑगस्ट २०२२ पासून लागू झाली, १३० मिनिटांत ६५ प्रश्न सोडवायचे असतात. त्यांपैकी १५ प्रश्नांचे गुण धरले जात नाहीत, मात्र ते कोणते हे परीक्षार्थीला कळत नाही. उत्तीर्ण होण्यासाठी १००० पैकी ७२० गुण लागतात. ‘क्लाउड प्रॅक्टिशनर’ या पायाभूत परीक्षेत प्रश्न तितकेच, वेळ ९० मिनिटे आणि उत्तीर्णतेची रेषा ७०० वर.

प्रश्न बहुतांशी निव्वळ मजकुराचे असतात. ‘एका कंपनीचे संकेतस्थळ तीन थरांचे आहे, डेटाबेस बाहेरून दिसता कामा नये, पण त्याला अपडेट मात्र इंटरनेटवरून घ्यायचे आहेत’ अशी पाच-सहा ओळींची गोष्ट आणि खाली चार पर्याय. म्हणजे परीक्षेत चित्र पाहून उत्तर द्यायचे नसते. मजकूर वाचता वाचता डोक्यात चित्र उभे करायचे असते, तेही दोन मिनिटांत. सचित्र टिपणांचा खरा उपयोग याच सरावासाठी आहे, आणि बाजारात मिळणारी बरीचशी टिपणे नेमकी इथेच कमी पडतात.

चित्र का लागते

जुन्या सर्व्हर रूममध्ये नवख्या माणसाला बोट दाखवून सांगता येत असे: हे रॅक, ही केबल, हा स्विच. क्लाउडमध्ये विद्यार्थ्यापुढे फक्त वेबपानावरच्या याद्या आणि बटणे असतात. काय कशाच्या आत आहे आणि कोण कोणापर्यंत पोहोचू शकतो, हे त्या याद्यांवरून कळत नाही. म्हणून या विषयातली सर्वांत कामाची आकृती ‘आत-बाहेर’ दाखवणारी असते. व्हीपीसीची, म्हणजे ग्राहकाच्या खासगी आभासी नेटवर्कची आकृती हा तिचा नमुना.

एडब्ल्यूएसचा मुंबई विभाग (रीजन) जून २०१६ मध्ये सुरू झाला. त्यात आज तीन अव्हेलेबिलिटी झोन, म्हणजे एकमेकांपासून वेगळे ठेवलेले डेटासेंटरांचे गट, आहेत. कागदावर मोठी चौकट मुंबईची. तिच्यात तीन उभे पट्टे तीन झोनचे. व्हीपीसीची चौकट मात्र आडवी, तिन्ही पट्ट्यांना छेदून जाणारी, कारण व्हीपीसी अख्ख्या रीजनभर पसरते. उलट सबनेट, म्हणजे व्हीपीसीचा एक तुकडा, एकाच झोनमध्ये राहते, दोन पट्ट्यांवर कधीच पसरत नाही. नवशिक्या माणूस हमखास व्हीपीसी एका झोनच्या आत कोंबतो. हीच चूक परिच्छेद वाचून लक्षात राहत नाही, पण स्वतःच्या हाताने चौकट चुकीची काढून ती एकदा खोडली की पुन्हा सहसा होत नाही.

पुढचा टप्पा बाणांचा. इंटरनेट गेटवे, म्हणजे इंटरनेटशी जोडणारे दार, व्हीपीसीच्या कडेवर. नेहमीच्या रचनेत नॅट गेटवे (आतल्या यंत्रांना फक्त बाहेर जाऊ देणारे दार) सार्वजनिक सबनेटमध्ये, डेटाबेस खासगी सबनेटमध्ये. खासगी यंत्राचा बाण नॅट गेटवेकडे, तिथून इंटरनेट गेटवेकडे आणि बाहेर. बाहेरून स्वतःहून आत शिरणारा बाण नाही. वरच्या गोष्टीतल्या कंपनीचे उत्तर एवढेच आहे.

एडब्ल्यूएसच्या अधिकृत आकृत्यांत सार्वजनिक सबनेट हिरवे आणि खासगी सबनेट निळे दाखवतात, आणि टिपणेही तेच रंग उचलतात. त्यातून एक गैरसमज रुजतो. सबनेट सार्वजनिक ठरते ते रंगाने किंवा नावाने नव्हे, तर त्याच्या रूट टेबलमध्ये, म्हणजे वाटांच्या यादीत, इंटरनेट गेटवेकडे जाणारी वाट आहे म्हणून. हिरव्या चौकटीशेजारी त्या वाटेची एक ओळ लिहिलेली नसेल तर आकृती देखणी आहे, पण अपुरी आहे. पत्त्यांचा हिशेबही तिथेच टिपावा: /२४ आकाराच्या सबनेटमध्ये २५६ पत्ते असतात, त्यांतले ५ एडब्ल्यूएस स्वतःकडे ठेवते, उरतात २५१.

सिक्युरिटी ग्रुप आणि नेटवर्क एसीएल या वाहतूक सोडण्याच्या दोन नियमयाद्यांतला फरक शिकवताना आपल्याकडचे बरेच शिक्षक सोसायटीचा आधार घेतात, आणि तो बऱ्यापैकी चालतो. एसीएल म्हणजे सबनेटच्या फाटकावरचा वॉचमन. त्याला आठवण अशी नसतेच. आत्ताच आत सोडलेल्या माणसाला बाहेर पडतानाही तो नव्याने अडवून यादी तपासतो. म्हणून परतीच्या वाहतुकीचा नियम वेगळा लिहावा लागतो. सिक्युरिटी ग्रुप म्हणजे घराचा (इथे एकेका यंत्राचा) दरवाजा उघडणारी आजी: ज्याला आत घेतले त्याला जाताना पुन्हा विचारत नाही. फक्त आजीकडे ‘याला घेऊ नको’ अशी यादी नसते, ‘यांना घे’ एवढीच असते. सिक्युरिटी ग्रुपमध्ये नकाराचा नियम लिहिताच येत नाही.

रेषेचा प्रकारही अर्थ सांगतो. आरडीएस या डेटाबेस सेवेत मूळ डेटाबेस आणि एक स्टँडबाय (राखीव प्रत) अशा मल्टी-एझेड, म्हणजे एकाहून अधिक झोनमधल्या, रचनेत नोंदी एकाच वेळी दोन्हीकडे लिहिल्या जातात. तिथे सलग रेषा काढावी. रीड रेप्लिकाकडे, म्हणजे वाचनासाठीच्या प्रतीकडे, त्या थोड्या मागाहून पोहोचतात. तिथे तुटक रेषा. स्टँडबायकडून वाचन होत नाही, तो अडचणीच्या वेळेसाठी उभा असतो. रेप्लिका वाचनाचा भार वाटून घेते. ‘उपलब्धता की वेग’ या जातीचे कितीतरी प्रश्न या दोन रेषांत सुटतात.

पट्टी, झाड आणि डबा

सगळ्याच गोष्टी चौकटींत बसत नाहीत. एसथ्रीचे साठवणवर्ग अनेक टिपणांत निर्णयवृक्षाने दाखवतात: डेटा वारंवार लागतो का, लागला तर तत्काळ हवा का, एकाच झोनमध्ये ठेवून चालेल का. या नोंदीच्या मते तिथे झाडापेक्षा दिवसांची आडवी पट्टी बरी. स्टँडर्ड-आयए या क्वचित लागणाऱ्या डेटाच्या वर्गाला किमान ३० दिवसांचे पैसे लागतात, ग्लेशियर या जुन्या डेटाच्या साठवणीतल्या इन्स्टंट आणि फ्लेक्सिबल या वर्गांना ९० दिवसांचे, डीप आर्काइव्हला १८० दिवसांचे. पट्टीवर ३०, ९०, १८० अशा तीन खुणा केल्या की ‘वीस दिवसांनी पुसायची फाइल’ स्वस्त वर्गात टाकणे का महाग पडते ते दिसते.

जबाबदारीची वाटणी, म्हणजे कोणते काम क्लाउड कंपनीचे आणि कोणते ग्राहकाचे, दोन रंगांच्या पट्ट्याने दाखवायची रीत आहे. आयआयटी-एनआयटी सोडा, कोपऱ्यावरच्या क्लासमध्येसुद्धा ती पिझ्झाच्या चित्राने शिकवतात. ते चित्र २०१४ मध्ये आयबीएमच्या अल्बर्ट बॅरन यांनी मांडले: घरी केलेला, अर्धा तयार आणून घरी भाजलेला, घरपोच आलेला आणि हॉटेलात बसून खाल्लेला पिझ्झा. आपल्याकडे त्याजागी घरचा स्वयंपाक, केंद्रातून आणलेल्या पोळ्या आणि घरची भाजी, डबा आणि खानावळ हे सरळ बसते. उपमा कुठे तुटते हेही त्याच पानावर लिहायला हवे. खानावळीत जेवलात तरी खिशातले पाकीट सांभाळायचे काम तुमचेच. तसेच सेवा कितीही तयार असली तरी तिच्यातला डेटा आणि तो कोणाला दिसावा याची परवानगी ग्राहकाकडेच राहते. उघड्या राहिलेल्या एसथ्री बकेटचे (साठवणीच्या कप्प्याचे) खापर कंपनीवर फोडता येत नाही.

खुणाचित्रांविषयी थोडक्यात. एडब्ल्यूएस आपली अधिकृत खुणाचित्रे मोफत देते. गणनसेवा नारिंगी, साठवण हिरवी, नेटवर्क जांभळे, सुरक्षा लाल. ड्रॉ.आयओसारख्या साधनात ती तयार मिळतात, त्यामुळे पान भरणे फार सोपे झाले आहे. दीडशे चित्रांचे भित्तिपत्रक खोलीत लावून समाधान मिळते. परीक्षेत मात्र खुणाचित्र ओळखा असे कोणी विचारत नाही.

शिकण्याचे शास्त्र

शब्द आणि प्रतिमा या दोन वाटांनी आलेली माहिती अधिक टिकते, हे ॲलन पैव्हिओ यांचे प्रतिपादन १९७०च्या दशकापासून परिचित आहे. रिचर्ड मेयर यांनी पुढे दाखवले की शब्द चित्राच्या शेजारीच असावेत आणि शोभेचे जास्तीचे तपशील शिकण्याला मारक ठरतात. टिपणांच्या जाहिरातीत यांचा आधार घेतात. त्याच दमात ‘तुम्ही व्हिज्युअल लर्नर आहात का?’ असेही विचारतात. त्याला आधार नाही. माणसांच्या शिकण्याच्या ठरावीक ‘शैली’ असतात आणि त्यानुसार शिकवले तर फायदा होतो, याचा पुरेसा पुरावा नसल्याचे हॅरॉल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्येच मांडले आहे. चित्राचा फायदा व्हायचा तर सगळ्यांनाच होतो.

याहून महत्त्वाचा निष्कर्ष जेफ्री कार्पिक आणि जॅनेल ब्लंट यांचा, ‘सायन्स’ नियतकालिकात २०११ मध्ये आलेला. मजकूर समोर ठेवून संकल्पना-नकाशे काढणाऱ्यांपेक्षा, मजकूर मिटून आठवून लिहिणारे विद्यार्थी पुढच्या चाचणीत सरस ठरले. ती चाचणी संकल्पना-नकाशा काढण्याची होती तेव्हासुद्धा. दुसरीकडे वॉटर्लू विद्यापीठातल्या २०१६ च्या प्रयोगांत शब्द नुसता लिहिण्यापेक्षा त्याचे चित्र काढल्याने तो जास्त आठवला. दोन्ही एकत्र वाचले की पद्धत सुचते: आकृती दोन मिनिटे पाहायची, मिटायची, कोऱ्या कागदावर काढायची, मग मूळ आकृतीशी ताडून चुका लाल पेनने दुरुस्त करायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरा कागद. ज्याने विकतची रंगीत पीडीएफ दहा वेळा चाळली त्याला सगळे ओळखीचे वाटते, आणि ओळखीचे वाटणे म्हणजे येणे असा भ्रम परीक्षेच्या दिवसापर्यंत टिकतो. स्वतःचा कागद परीक्षेत नेता येत नाही, त्यामुळे आकृती डोक्यातूनच यावी लागते.

कोणत्या पानावर किती वेळ घालवावा, हे अधिकृत अभ्यासक्रमच सांगतो. एसएए-सी०३ मध्ये सुरक्षेला ३० टक्के, तग धरणाऱ्या रचनांना २६, कार्यक्षमतेला २४ आणि खर्चबचतीला २० टक्के भार आहे. खर्चाची पाने बहुतेक टिपणांत शेवटी आणि घाईची असतात. पाचवा हिस्सा तिथे आहे हे पाहता ते महागात पडते.

शिळी होणारी चित्रे

डिसेंबर २०२० पर्यंत एसथ्रीमध्ये फाइल बदलल्यानंतर काही काळ जुनी प्रत वाचली जाण्याची शक्यता असे, आणि टिपणांत त्याची खास आकृती असे. त्या महिन्यात एडब्ल्यूएसने लिहिलेले लगेच वाचता येईल अशी हमी दिली आणि ती आकृती एका रात्रीत चुकीची झाली. नावेही बदलतात. एडब्ल्यूएसची इलॅस्टिकसर्च सेवा २०२१ मध्ये ओपनसर्च झाली, सिंगल साइन-ऑन २०२२ मध्ये आयएएम आयडेंटिटी सेंटर झाले, आणि २०२३ मध्ये अझ्युअर ॲक्टिव्ह डिरेक्टरीचे मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा आयडी झाले. मजकुरात नाव शोधून बदलता येते. चित्रात गोठलेले अक्षर तसेच राहते. म्हणून टिपण हातात घेतल्यावर आधी कोपऱ्यातला परीक्षेचा संकेत पाहावा. तिथे सी०२, म्हणजे आधीची आवृत्ती, असेल, किंवा काहीच नसेल, तर प्रत्येक आकृती अधिकृत कागदपत्रांशी ताडूनच वापरावी. एडब्ल्यूएसचे प्रमाणपत्र तीन वर्षे चालते, म्हणजे नूतनीकरणाच्या वेळी जुनी वही उघडणाऱ्यालाही हेच लागू.

सचित्र टिपणांच्या नावाखाली खऱ्या प्रश्नपत्रिकेतले प्रश्न रंगवून फिरवणारे ‘डंप’ही मेसेजिंग गटांतून फिरतात. ते वापरणे परीक्षार्थीने मान्य केलेल्या कराराचा भंग आहे आणि प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. त्यांतली उत्तरेही पुष्कळदा चुकीची असतात, हा वेगळाच न्याय.

मराठीतली टिपणे

एडब्ल्यूएसची परीक्षा मराठीत होत नाही. विषय मात्र इथे परका नाही: मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतातले क्लाउड विभाग उघडले तेव्हा ‘सेंट्रल इंडिया’ पुण्यात आणि ‘वेस्ट इंडिया’ मुंबईत ठेवला, त्यामुळे अझ्युअरच्या आकृतीतली बाहेरची चौकट पुण्यातल्या विद्यार्थ्याच्या गावाचीच असते. मराठीत टिपण काढणाऱ्यापुढे प्रश्न येतो तो संज्ञांचा. सबनेटला ‘उपजाल’ म्हटले तर परीक्षेच्या खोलीत मनातल्या मनात उलटे भाषांतर करावे लागते. नामे परीक्षेत येतात तशीच ठेवावीत, आणि मराठी बाणांवर लिहावी. एसएनएस या सूचनासेवेचा बाण सदस्यांकडे जातो, त्यावर ‘ढकलतो’. एसक्यूएस या रांगसेवेत निरोप रांगेत पडून राहतो आणि काम करणारा संगणक येऊन तो घेऊन जातो; तिथे बाण रांगेकडे काढून वर ‘ओढून घेतो’ लिहावे. लॅम्डा या कोड चालवून देणाऱ्या सेवेसमोर रांग असेल तर ओढण्याचे काम लॅम्डा सेवाच परस्पर करते, तेव्हा बाणाचे तोंड तेच राहते, फक्त ओढणारा हात बदलतो.