ऑपरेशन बाईनेच का करायचे?

दुसरे मूल झाले की घरात विषय निघतो, ‘आता ऑपरेशन करून टाक.’ हे सांगितले जाते ते बहुतेक वेळा बाईलाच. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींची नसबंदी झालेली होती. नवऱ्याने नसबंदी केल्याचे प्रमाण ०.३ टक्के.

शरीराकडे पाहिले तर हे उलटे हवे होते. नसबंदीत बंद करायच्या बाईच्या बीजवाहिन्या, म्हणजे बीज गर्भाशयाकडे नेणाऱ्या नळ्या, पोटात खोल असतात; तिथे पोचायला पोटावर छेद घ्यावा लागतो किंवा दुर्बीण घालावी लागते. पुरुषाच्या शुक्रवाहिन्या, म्हणजे शुक्रजंतू वाहून नेणाऱ्या नळ्या, मात्र वृषणाच्या वर, कातडीखालीच हाताला लागतात. तेवढी जागा बधिर करून बिनटाक्याची शस्त्रक्रिया अर्ध्या तासाच्या आत होते. ‘ताकद जाते, जड काम होत नाही’ ही भीती खोटी आहे. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन) या नळीतून जातच नाही, ते वृषणातून थेट रक्तात मिसळते. महत्त्वाचे पथ्य असे: नळीत आधीचे शुक्रजंतू उरलेले असतात, म्हणून तीन महिने दुसरे साधन वापरायचे आणि मग वीर्य तपासून घ्यायचे.

तरीही पुरुष मागे राहतो, याला इतिहास आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८० लाखांहून अधिक नसबंदी झाल्या, त्यांत बहुसंख्य पुरुष होते आणि सक्तीही झाली. त्या धास्तीनंतर सरकारी कार्यक्रम स्त्रियांकडे वळला, तो तिथेच राहिला. घरात सासूबाई म्हणतात, ‘तो कमावता आहे, त्याला काही झालं तर?’ सून शेतावर मजुरीला जाते, हे त्या वेळी कुणाच्या मनात येत नाही. याच सर्वेक्षणात ३५ टक्के पुरुषांनी गर्भनिरोधन हे बायकांचे काम असल्याचे मान्य केले.

कधी थांबायचे, हेही तिच्या एकटीच्या हाती नसते. दोन मुलीच असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ६५ टक्के जणींना आणखी मूल नको होते. उरलेल्यांतल्या कितीजणींना स्वतःला मुलगा हवा होता आणि कितीजणींवर घराचा दबाव होता, हे अशा आकड्यांतून वेगळे काढता येत नाही. मला तोच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

नियम मात्र स्पष्ट आहेत. नसबंदीसाठी जोडीदाराची संमती लागत नाही. गर्भपातासाठीही १९७१ च्या कायद्यानुसार अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती पुरते. तरी अनेक दवाखान्यांत फॉर्म पुढे सरकवताना आधी विचारतात, ‘मिस्टर आलेत का?’