शनोंसो: नदीपात्रातला राजवाडा आणि दियानचे द्राक्षमळे

फ्रान्समधल्या तूर शहराच्या पूर्वेला शेर नदीच्या पात्रात शनोंसोचा राजवाडा उभा आहे. त्याच्या इतिहासात राजांची नावं पुष्कळ येतात, पण वाडा घडवला आणि टिकवला तो बायकांनी.

१५१३ मध्ये राजाचा खजिनदार तोमा बोइये याने इथली जुनी गढी घेतली आणि एक गोल बुरूज राखून बाकी सगळी पाडली. तो इटलीतल्या मोहिमांत गुंतलेला, म्हणून बांधकामावर देखरेख ठेवली त्याची पत्नी कात्रिन ब्रिसोने हिने. नदीतल्या पाणचक्कीच्या पायावर चौकोनी इमारत चढली. त्या काळी फ्रान्समध्ये सर्रास गोल जिने असत. इथे मात्र इटालियन धर्तीचा सरळ जिना आला. मुदपाकखाना खाली, नदीत उतरलेल्या दगडी खांबांच्या पोटात आहे. सामान होडीतून थेट तिथे उतरायचं.

बोइयेच्या हिशेबात तूट निघाली आणि १५३५ मध्ये वाडा सरकारजमा झाला. १५४७ मध्ये राजा दुसऱ्या हेन्रीने तो आपली प्रेयसी दियान द प्वातिए हिला दिला. दियानच्या रूपाचं कौतुक खूप होतं. मला मात्र तिची व्यवहारदृष्टी जास्त मोलाची वाटते. शेती, द्राक्षमळे, येणारा वसूल, सगळ्यावर तिची नजर असे. दरबाराची मालमत्ता अशी दान देता येत नाही, उद्या कुणीही ती परत मागेल, हे ओळखून तिने कायद्याची खटपट केली आणि १५५५ मध्ये वाडा रीतसर विकत घेतला. पुराचं पाणी शिरू नये म्हणून बाग उंच दगडी चौथऱ्यावर केली. पलीकडच्या काठावर जाण्यासाठी वास्तुविशारद फिलिबेर द लॉर्मकडून कमानींचा पूल बांधून घेतला.

१५५९ मध्ये भाल्यांच्या खेळात जखमी होऊन हेन्री वारला. राणी कॅथरीन द मेदिचीने दियानला शोमोंचा वाडा देऊन शनोंसो घेतलं. त्याच पुलावर तिने दुमजली दालन उठवलं: साठ मीटर लांब, सहा मीटर रुंद, अठरा खिडक्यांचं. पहिल्या महायुद्धात याच दालनात जखमी सैनिकांच्या खाटा लागल्या होत्या.

राज्यक्रांतीच्या धामधुमीत वाडा वाचला तो मालकीण लुईझ द्युपें हिच्यामुळे. गावात तिला मान होता. द्राक्षांची परंपराही या खोऱ्यात टिकून आहे. २०११ पासून शेरकाठच्या वाइनला ‘तुरेन-शनोंसो’ असं स्वतंत्र भौगोलिक मानांकन आहे. पांढरी वाइन सोव्हिन्यों ब्लांची, तर लाल वाइनमध्ये को आणि काबर्ने फ्रां ही द्राक्षं असतात.