एशर, आल्फ्रेड

(२० फेब्रुवारी १८१९ – ६ डिसेंबर १८८२). स्विस राजकारणी आणि रेल्वे-उद्योजक. जन्म झुरिकमधील धनाढ्य घराण्यात. वडिलांनी अमेरिकेत पैसा कमावला होता. काकांचा क्यूबात कॉफीचा मळा होता आणि त्यावर गुलाम राबत. विरोधकांनी पुढे हे त्याला अनेकदा ऐकवले. कायद्याची डॉक्टरेट घेऊन तो १८४४ मध्ये झुरिकच्या प्रांतिक विधिमंडळात गेला. १८४८ मध्ये स्विस संघराज्य स्थापन झाले तेव्हापासून मरेपर्यंत तो संघीय संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचा सदस्य होता. सात जणांच्या संघीय मंत्रिमंडळात मात्र तो कधीच नव्हता, आणि त्यावाचून त्याचे काही अडलेही नाही.

रेल्वे सरकारने बांधावी की खाजगी कंपन्यांनी, हा तेव्हाचा मोठा वाद. १८५२ च्या कायद्याने ती कंपन्यांकडे गेली. या धोरणाचा खंदा पुरस्कर्ता एशर वर्षभरातच नॉर्डओस्टबान या रेल्वे कंपनीचा सूत्रधार झाला. रुळांना भांडवल हवे म्हणून १८५६ मध्ये त्याने पतपेढी काढली. तीच पुढची क्रेडिट स्विस बँक. अभियंते घडवण्यासाठी झुरिकमध्ये संघीय तंत्रविद्यापीठ उभे राहिले (१८५५), त्यामागेही तोच. कायदा, बँक, रेल्वे, शिक्षण सगळे एकाच्याच हाती असल्याने लोक त्याला ‘राजे आल्फ्रेड पहिले’ म्हणत. या ‘एशर-व्यवस्थे’विरुद्ध लोकशाहीवादी चळवळ उठली आणि १८६९ मध्ये झुरिकला नवी राज्यघटना मिळाली.

त्याच वर्षी आल्प्स ओलांडणाऱ्या गॉटहार्ड रेल्वेमार्गासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला. इटलीने ४.५ कोटी, तर स्वित्झर्लंड व जर्मनीने प्रत्येकी २ कोटी फ्रँक देण्याचे ठरले. एशर गॉटहार्ड रेल्वेचा प्रमुख झाला. आल्प्समधील १५ किलोमीटरचा बोगदा १८७२ पासून खोदला जाऊ लागला. मजूर बहुतांशी इटालियन. १८७५ मध्ये बोगद्याच्या उत्तर टोकाशी गोशेनेन येथे संपावरील मजुरांवर गोळीबार होऊन चौघे ठार झाले. पुढच्याच वर्षी एकूण मार्गाचा खर्च अंदाजापेक्षा १०.२ कोटी फ्रँकनी वाढल्याचे उघड झाले आणि १८७८ मध्ये एशरला राजीनामा द्यावा लागला. फेब्रुवारी १८८० मध्ये बोगद्याची दोन टोके जुळली, त्या सोहळ्याला त्याला बोलावलेसुद्धा नाही. १८८२ च्या उद्घाटनाचे निमंत्रण आले, पण तेव्हा तो आजारी होता.

मृत्यूनंतर सात वर्षांनी झुरिक स्थानकासमोर रिशार्ड किसलिंगने घडवलेला त्याचा पुतळा उभा राहिला. मुलगी लीडिया हिने १८९० मध्ये आपल्या संपत्तीचा मोठा भाग देशाला दिला. त्या पैशातून कलाकृती विकत घेणाऱ्या प्रतिष्ठानाला तिने वडिलांचे नव्हे, लेखक गॉटफ्रीड केलरचे नाव दिले.