‘ॲड इन्फिनिटम’ म्हणजे ‘अफाट मोठं’ नव्हे

‘ॲड इन्फिनिटम’ (ad infinitum) हा लॅटिन शब्दप्रयोग दिसला की ‘प्रचंड’, ‘मोजता येणार नाही इतकं’ असा अर्थ सर्रास लावला जातो. तो चुकीचा आहे. लॅटिनमध्ये ‘ॲड’ म्हणजे ‘कडे’ किंवा ‘पर्यंत’, ‘फिनिस’ म्हणजे सीमा, आणि त्याआधीचा ‘इन’ नकाराचा. आपल्या ‘अनंत’ची फोडही अशीच, अन् + अंत! हा शब्दप्रयोग आकार सांगत नाही. क्रिया थांबत नाही, एवढंच सांगतो.

एक कागद घ्या. अर्धा कापून बाजूला ठेवा, उरलेल्याचा अर्धा त्याच्याशेजारी, पुन्हा उरलेल्याचा अर्धा... असं ‘ॲड इन्फिनिटम’. (कात्री लवकरच हात टेकते, गणित नाही.) १/२ + १/४ + १/८ + ... ही बेरीज कधीच संपत नाही, पण तिची किंमत बरोबर १ येते. म्हणजे तोच एक कागद. १ ला ३ ने भागा : ०.३३३... मधले तीन संपत नाहीत, संख्या मात्र अर्ध्याहूनही लहान.

लांबलेल्या भाषणाबद्दल कुरकुरतानाही लोक हाच शब्द वापरतात. चालेल, पण तिथे ‘ॲड नॉझिअम’ जास्त शोभतं : मळमळायला लागेपर्यंत.